बिल कुणाच्या नावावर?

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरापासून आठेक किलोमीटरवर ब्लार्नी नावाचे खेडे आहे. तिथल्या १४४६ सालच्या गढीच्या माथ्यावर, तटाच्या कडेला एक दगड बसवलेला आहे. अरुंद पायऱ्या चढून माणसे वर जातात, उताणी निजतात, लोखंडी गजांना धरून डोके मागे पोकळीत सोडतात आणि त्या अवघडलेल्या अवस्थेत दगडाचे चुंबन घेतात. सांभाळायला एक माणूस उभा असतो. पूर्वी गज नव्हते, तेव्हा सोबतचे लोक घोटे धरून माणसाला खाली सोडत. एवढ्या खटाटोपाचे फळ काय, तर जिभेवर साखर येते आणि तुमच्या गोड बोलण्याला मग कुणी नाही म्हणत नाही. २०१४ साली ग्लासगोच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या दगडाचा जुना पातळ काप तपासून तो तिथलाच चुनखडक असल्याचे सांगितले. हा दगड स्कॉटलंडहून किंवा स्टोनहेंजहून आल्याच्या कथा त्यामुळे निकालात निघाल्या. चुंबन घेणाऱ्यांना त्याने फरक पडायचे कारण नव्हते.

इंग्रजीतला ‘ब्लार्नी’ हा शब्द या गावावरून आला. कान सुखावणारे, ओघवते, बहुधा पोकळ, पण समोरच्याला आपल्याला हवे तिकडे वळवणारे बोलणे म्हणजे ब्लार्नी. त्यामागची कथा अशी सांगतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ आयरिश सरदारांकडून एकच मागणी करत होती. आपली पिढीजात जमीन आधी राणीच्या पायाशी ठेवायची आणि मग तिच्या सनदेने ती परत घ्यायची. म्हणजे कसायची पूर्वीसारखीच, पण मालकी राणीची. ब्लार्नीचा सरदार कॉरमॅक मॅकार्थी याने कधीही नकार दिला नाही. तो पत्रे पाठवत राहिला. राणीच्या थोरवीचे वर्णन, स्वतःच्या निष्ठेच्या आणाभाका, आणि शेवटी गढी आज का देता येत नाही याचे एखादे गोंडस कारण. अखेर राणी वैतागून म्हणाली, हे सगळे ब्लार्नी आहे, हा बोलतो एक आणि करतो भलतेच.

ही कथा अक्षरशः खरी असेल असे नाही. त्या काळाचा हिशेब मात्र खरा आहे. ब्लार्नी ज्या मन्स्टर प्रांतात येते तिथेच अर्ल ऑफ डेझमंडने राणीविरुद्ध उघड बंड केले. १५८३ साली केरीच्या रानात त्याला गाठून मारले, मुंडके लंडनला पाठवले. प्रांतात दुष्काळ पडला, त्याच्या जमिनी जप्त होऊन इंग्रज वसाहतवाल्यांना वाटल्या गेल्या. शौर्याची किंमत डेझमंडने भरलीच, त्याच्या रयतेनेही भरली. मॅकार्थींची गढी पुढे शंभरेक वर्षे, मधले काही हेलकावे सोडले तर, त्यांच्याच घराण्यात राहिली. मग कॉरमॅकला लाळघोट्या म्हणायचे की शहाणा?

आपल्याला याचे उत्तर शाळेपासून ठाऊक आहे, फक्त ते आपण खुशामतीच्या खात्यात मांडत नाही. १६५९ साली अफझलखान वाईला तळ देऊन बसला होता, तेव्हा शिवाजी महाराजांच्या वकिलाने, पंताजी गोपीनाथांनी, त्याच्यापुढे कसले बोलणे लावले? महाराज भ्याले आहेत, खानसाहेबांच्या छावणीत यायची त्यांची छाती होत नाही, खानांनीच मोठ्या मनाने जावळीत यावे. खान फुगला आणि डोंगर चढून आला. पुढच्याच वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरकडे शरणागतीची नरम भाषा गेली, वेढा सैल पडला आणि पावसाळी रात्री महाराज विशाळगडाकडे निघाले. याला आपण मुत्सद्देगिरी म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. ज्याच्या हाती फौज कमी, त्याने बलवानाच्या गर्वाला खतपाणी घालावे यात लाजण्यासारखे काय आहे? इंग्रजी शब्दाला तिरस्काराचा वास येतो, कारण कथेत तो राणीच्या तोंडून निघाला आहे. फसवल्या गेलेल्या मालकाने रयतेच्या युक्तीला ठेवलेले ते नाव आहे.

पण या शब्दाच्या इतिहासात दुसरीही एक गोष्ट आहे. ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या १७६६ सालच्या ‘द व्हिकार ऑफ वेकफील्ड’ या कादंबरीत लेडी ब्लार्नी नावाचे पात्र येते. गावचा श्रीमंत जमीनदार एका गरीब पाद्र्याच्या घरात तिला आणतो. ही लंडनची खानदानी बाई, असे सांगतो. ती थाटात बोलते, मुलींची तारीफ करते, त्यांना लंडनला चांगल्या नोकरीवर न्यायची तयारी दाखवते. घर हुरळून जाते, आई तर विशेषच. प्रत्यक्षात ती बाई भाडोत्री असते आणि मुलींना घराबाहेर काढायचा तो डाव असतो.

एकच नाव, पण पाणी उलट वाहते आहे. मॅकार्थी खालून वर बोलत होता, त्याच्या गोड शब्दांनी राणीचा वेळ गेला. लेडी ब्लार्नी वरून खाली बोलते. तिचे शब्द फळले असते, तर दोन मुलींचे आयुष्य गेले असते. खुशामतीवर आपण नीतीचे प्रवचन झोडतो, तेव्हा ती खोटी असते यावर सगळा भर देतो. मला तो भर चुकीच्या जागी पडलेला वाटतो. खोटे तर आपण रोज बोलतो आणि समाज त्यावर व्यवस्थित चालतो. पाहुण्यांना ‘काहीच त्रास झाला नाही’ म्हणणारी गृहिणी खोटे बोलते म्हणून कुणी तिला दोष देत नाही. विचारायचे ते हे, की या गोडव्याचे बिल कुणाच्या नावावर फाडले जाते?

यावर एक आक्षेप लगेच येईल. साहेबाच्या केबिनमध्ये दिवसातून चार वेळा डोकावून ‘सर, तुमच्यामुळे झालं’ म्हणणारा कारकूनही खालून वरच बोलतो. दुबळाच आहे बिचारा. त्यालाही माफ करायचे का? नाही, कारण त्याचे बिल साहेब भरत नाही. साहेबाला उलट फुकट सुख मिळते. बिल भरतो तो शेजारच्या टेबलावर मान खाली घालून फाइली उपसणारा, ज्याची बढती त्या ‘तुमच्यामुळे’ने अडते. दरबारातल्या भाटापासून पक्षकार्यालयातल्या खाशा माणसापर्यंत सगळे याच जातीचे. खुशामत राजाची आणि पैसे तिसऱ्याचे.

या जातीचा सर्वांत ठसठशीत नमुना आपल्याकडे चौकाचौकात टांगलेला असतो. वाढदिवसाचा फ्लेक्स जरा थांबून पाहावा. मधोमध नेत्याचा छातीपर्यंतचा फोटो, एक हात उंचावलेला किंवा नमस्काराचा. डोक्याशी पक्षश्रेष्ठींची वर्तुळातली चेहरेपट्टी, तिचा क्रम आणि आकार गटबाजीप्रमाणे दर वर्षी बदलणारा. नावाआधी ‘कार्यसम्राट’, ‘विकासपुरुष’, ‘युवकांचे आशास्थान’, आणि ज्यांना अजून काहीच मिळालेले नाही त्यांच्यासाठी ‘भावी’. मग तळाला, पासपोर्ट फोटोंच्या ओळीत, शुभेच्छुक. गॉगल, सोनसाखळी, मोबाइल कानाला. आता विचार करा, हा फ्लेक्स नेत्याने वाचावा म्हणून लावला आहे का? नेता त्या चौकातून काळ्या काचांच्या गाडीने जातो. तो लावला आहे तुमच्या-माझ्यासाठी, भाजीवाल्यासाठी, वॉर्डातल्या इंजिनिअरसाठी, पोलीस चौकीतल्या हवालदारासाठी. तळाच्या ओळीतला प्रत्येक चेहरा सांगत असतो की माझी पोहोच वरपर्यंत आहे, माझ्या नादी लागू नका. स्तुती नेत्याची, दम रस्त्याला. त्यातही बहुतेक फ्लेक्स बेकायदा. मुंबई उच्च न्यायालयाने ते काढायचे आदेश पुन्हा पुन्हा दिले आणि ते पुन्हा पुन्हा लागले. सिग्नल झाकला जातो, फुटपाथवर बांबू येतात. बिल पायी चालणाऱ्याच्या नावावर.

खालून वर जाणाऱ्या खुशामतीचा एक प्रकार मात्र मला अव्वल दर्जाचा वाटतो. त्यासाठी आधी ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीकडे जावे लागते. १८६१ साली नवरा गेल्यापासून व्हिक्टोरिया राणी लोकांत येईनाशी झाली होती. डिझरायलीचा प्रतिस्पर्धी ग्लॅडस्टन आपल्याशी जाहीर सभेला उद्देशून बोलावे तसा बोलतो, ही तिची तक्रार प्रसिद्ध आहे. डिझरायली स्वतः कादंबरीकार. तो तिला संसदेच्या कामकाजाच्या चिठ्ठ्याही कथा सांगावी तशा लिहायचा. १८६८ साली तिचे हायलँड्समधल्या दिवसांचे पुस्तक निघाले, तेव्हा तो तिच्याशी बोलताना ‘आपण लेखक मंडळी’ म्हणे, असे सांगतात. स्तुती सगळ्यांनाच आवडते, पण राजघराण्यातल्यांना ती गवंड्याच्या थापीने लिंपावी लागते, अशा अर्थाचे उद्गारही त्याच्या नावावर आहेत. १८७५ च्या नोव्हेंबरात त्याने रॉथशिल्डकडून चाळीस लाख पौंड उचलून सुएझ कालव्याचे ४४ टक्के शेअर घेतले आणि राणीला कळवले ते तिला नजराणा पेश केल्याच्या थाटात.

थापीने लिंपलेली भिंत मग त्याच्याकडेच झुकली. राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी व्हायचे होते. संसदेत कुरकुर होती, डिझरायलीलाही ही वेळ सोयीची नव्हती, पण इतकी वर्षे जिला परीराणी म्हटले तिला नाही कसे म्हणणार? १८७६ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हाइसरॉय लिटनने दरबार भरवला. त्या वेळी दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात माणसे भुकेने मरत होती. लंडनमधल्या एका लाडिक पत्रव्यवहाराचे बिल किती लांब येऊन पडू शकते!

त्याच दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हजर राहिले. भरजरी राजेरजवाड्यांच्या गर्दीत अंगावर हातसुताची पांढरी खादी. बरोबर मानपत्र. त्यात सम्राज्ञीचा गौरव रीतसर होता, त्या काळच्या मानपत्राला शोभेल असा. आणि त्याला जोडून मागणी होती की ब्रिटिश प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे तोच हिंदी प्रजेला मिळावा. पुढच्या पिढीने अशा अर्ज-मानपत्रांना भिक्षांदेहीचे राजकारण म्हणून हिणवले. ते हिणवणे त्या पिढीच्या घाईला धरून होते, पण मजकुराला न्याय देणारे नव्हते. मॅकार्थीचे गोड बोलणे वेळ काढण्यासाठी होते. काकांचे गोड बोलणे शब्दात पकडण्यासाठी होते. तुम्ही न्यायी आहात, १८५८ च्या जाहीरनाम्यात तुम्हीच समान वागणुकीचे वचन दिले आहे, तेव्हा आता तसे वागा. या स्तुतीत मालकाला सुटायला जागा ठेवलेली नसते. ती मान्य करावी तर मागणी मान्य करावी लागते, आणि मागणी नाकारावी तर स्तुतीही परत करावी लागते. हे लिहिणारे काही हांजी-हांजी करणारे लोक नव्हते. दुष्काळातली गावांची परिस्थिती सरकारपुढे मांडायचे काम याच सभेने केले. आणि १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारच्या डोळ्यांवर येणे होते, तेव्हा ते घेतले सार्वजनिक काकांनीच.

आता पाणी वरून खाली. इथे आपली नजर सर्वांत कमजोर आहे, कारण या स्तुतीला आपण खुशामत म्हणतच नाही. तिला गौरव म्हणतो, सत्कार म्हणतो, कृतज्ञता म्हणतो. शेतमालाचा भाव पाडला जातो त्याच भाषणात शेतकरी ‘बळीराजा’ असतो. पाच वर्षांत एक दिवस ‘मतदार राजा’ जागा होतो. घरकामाच्या बाईला ‘तुम्ही आमच्या घरातल्याच’ असे म्हटले, की बहुधा पुढचे वाक्य पगारवाढीबद्दल नसते. कंपनीत अप्रेझलच्या आधी एचआरचा मेल येतो की आपण सगळे एक फॅमिली आहोत. फॅमिलीत कुणी ओव्हरटाइम मागतो का? गौरी-गणपतीत पन्नास पाने उठवणाऱ्या सुनेला ‘तुझ्या हातच्या पुरणपोळीची सर कुणालाच नाही’ म्हणणारे सासरे मनापासून म्हणत असतात, मला शंका नाही. पण त्या मनापासूनच्या वाक्यावर पुढच्या वर्षीही पन्नास पाने तिच्याच गळ्यात पडतात आणि ‘अन्नपूर्णा’ झालेल्या बाईला ‘यंदा केटरर बोलावू’ हे म्हणणे अवघड होऊन बसते. स्तुती खोटी नसूनही सापळा असू शकते. पुरणपोळी खरोखरच चांगली होती.

याची सरकारी आवृत्ती आशा सेविकांच्या बाबतीत पाहिली. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेले हे पद. कागदोपत्री त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. पगार नाही, ‘मानधन’ आणि कामागणिक मोबदला आहे. करोनाच्या साथीत दारोदार जाऊन कुणाला ताप आहे, कोण बाहेरगावाहून आले आहे, कुणाच्या रक्तात ऑक्सिजन किती आहे हे टिपायचे काम यांचे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घराघरांत त्याच गेल्या. लोक दार लावून घेत, शिव्या देत. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता अख्ख्या देशाने थाळ्या वाजवल्या, नंतर ‘कोविड योद्धा’ अशी प्रमाणपत्रे वाटली गेली. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. मागणी साधी होती, कामाच्या मानाने पैसे द्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्या तेव्हाही स्वयंसेविकाच होत्या.

थाळी वाजवणाऱ्या सामान्य माणसाला मी ढोंगी म्हणत नाही. गॅलरीत उभ्या असलेल्या आजींच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. पण राज्य जेव्हा एखाद्याला योद्धा म्हणते, तेव्हा त्या शब्दात एक अट लपवलेली असते. योद्धा पगार मोजत नाही, मास्क मिळाला नाही म्हणून घरी बसत नाही. नर्सला नर्स म्हटले तर कामाचे तास विचारता येतात. योद्ध्याला विचारता येत नाहीत. वरून खाली येणारी स्तुती अशी काम करते. जिची स्तुती होते, बिलही तिच्याच नावावर फाटते, आणि तिने ते भरायला नकार दिला तर ती कृतघ्न ठरते. मॅकार्थीच्या राणीला निदान वैतागायचा अधिकार होता.

‘लाडकी बहीण’ योजनेबद्दल इथे लिहू नये असे वाटत होते, कारण लगेच पक्ष विचारला जातो. महिन्याला दीड हजार रुपये गरीब बाईच्या खात्यात थेट जाणे ही गोष्ट चांगली की वाईट, हा वाद अर्थकारणाचा आहे आणि तो तिथेच घालावा. मी फक्त नावाकडे बोट दाखवतो. २०२४ साली ती रक्कम ‘नागरिक भत्ता’ म्हणूनही देता आली असती. नागरिकाला हक्क असतो. लाडक्या बहिणीला भाऊ असतो, आणि भावाची इच्छा असते.

यावर सुशिक्षित वाचक म्हणेल की खुशामत ओळखायला शिकले की झाले. शहाण्याला कोण फसवणार? या समजुतीला एका प्रयोगाने फार पूर्वीच सुरुंग लावला आहे. १९९७ साली स्टॅनफर्डचे बी. जे. फॉग आणि क्लिफर्ड नॅस यांनी काही लोकांना संगणकाबरोबर एक खेळ खेळायला लावला. संगणक काहींची स्तुती करत होता. त्यांतल्या काहींना आधीच स्पष्ट सांगितले होते की या शेऱ्यांचा तुमच्या खेळण्याशी काडीचाही संबंध नाही. तरीही त्यांना बरे वाटले, आपण चांगले खेळलो असे वाटले, संगणकही आवडला. खरी स्तुती मिळतेय असे समजणाऱ्यांइतकेच जवळजवळ. म्हणजे यंत्र बोलतेय हे माहीत, त्यात तथ्य नाही हेही माहीत, आणि तरी मन फुलते. ‘मला सगळं कळतं’ म्हणणारा माणूस तर याला अधिकच बळी पडत असावा, कारण त्याची चतुराई हीच त्याच्या खुशामतीची पहिली जागा.

आणि आता ते यंत्र खेळापुरते राहिलेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटीत एक बदल केला. पुढच्या काही दिवसांत लोकांनी त्याची उत्तरे एकमेकांना दाखवायला सुरुवात केली. कुठलीही कल्पना सांगा, ती भन्नाट. कुठलाही निर्णय सांगा, तो धाडसी. महिन्याच्या आत नव्हे, आठवड्याच्या आत कंपनीने तो बदल मागे घेतला आणि वापरणाऱ्यांच्या तात्कालिक पसंतीवर जास्त भर दिला गेल्याचे कबूल केले. यंत्राला ही सवय कुणी लावली, तर अंगठा वर करणाऱ्यांनी. इथे दरबारी आणि राजा अशी दोन माणसेच नाहीत. ज्याला गोड ऐकायचे त्यानेच गोड बोलणारा घडवला, आणि नोकरी सोडून कर्ज काढायचा सल्ला विचारणारा पोरगा ‘वा, काय हिंमत’ हे उत्तर ऐकून बँकेत गेला, तर हप्ते त्याच्याच खात्यातून जाणार. कंपनीने तो बदल मागे घेतला कारण थापी फारच जाड फिरली आणि लोक हसले. जरा हलक्या हाताने फिरली असती, तर कुणाला कळलेही नसते आणि तो बदल तसाच राहिला असता.